डफळापूर ते जत : डफळे आडनावाची वाटचाल

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, कवठे महांकाळ आणि जत यांच्या दरम्यान डफळापूर हे गाव आहे. मुलूख कोरडा, माळरानाचा आणि कमी पावसाचा. कृष्णाकाठचा हिरवा पट्टा मागे पडला की ज्वारी-बाजरीची आणि शेळ्या-मेंढ्यांची ही दुनिया सुरू होते. या गावची पाटीलकी एका चव्हाण घराण्याकडे होती. पुढे त्या घराण्याने गावाचेच नाव लावले आणि ‘डफळे’ हे आडनाव रूढ झाले. अडीच शतकांहून अधिक काळ हे आडनाव जतच्या गादीवर होते. आदिलशाही, मोगलाई, पेशवाई, सातारचे राज्य आणि इंग्रजी अंमल या पाचही राजवटी त्याने पाहिल्या. तरीही सांगली-सोलापूर-विजापूरच्या टापूबाहेर हे आडनाव क्वचितच कानी पडते.

घराण्याचे मूळ आडनाव चव्हाण असल्याची नोंद जेम्स ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात केली आहे. डफळापूरचे वंशपरंपरागत पाटील म्हणून त्यांना डफळे हे नाव मिळाले, असे तो सांगतो. ग्रँट डफ १८१८ पासून काही वर्षे साताऱ्यास इंग्रजांचा अधिकारी होता आणि जतच्या जहागिरीचे प्रकरण त्याच्याच दफ्तरातून गेले. त्यामुळे ही नोंद ऐकीव म्हणून बाजूला ठेवता येत नाही. मराठ्यांच्या कुळयाद्यांतही डफळे हे चव्हाण कुळाचे उपकुळ म्हणून येते. एरवी कोणाच्या ध्यानी न येणारे हे नाते लग्न जमवताना हटकून पुढे येते, कारण एका कुळात सोयरीक करायची नाही ही रीत. डफ वाजवणारे ते डफळे अशी व्युत्पत्ती कोणालाही सहज सुचेल, पण घराण्याच्या परंपरेत तिला आधार नाही.

गावावरून आडनाव घेण्याची चाल महाराष्ट्राला नवी नाही. या जिल्ह्यातच तिचे ठळक दाखले आहेत. पलूसचे गाडगीळ पलुसकर झाले आणि विष्णु दिगंबरांमुळे ते नाव देशभर गेले. उमदीचे देशपांडे भाऊसाहेब महाराज आजही उमदीकर महाराज म्हणूनच ओळखले जातात, आणि ही उमदी जत संस्थानातलीच. उलट क्रमही इथे घडला. कोकणातल्या किर्लोसीवरून किर्लोस्कर आडनाव झाले आणि त्या आडनावावरून १९१० मध्ये कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. डफळ्यांची तऱ्हा या सगळ्यांहून वेगळी. इथे ‘कर’ लागला नाही. गावाच्या नावातला ‘पूर’ गळला आणि उरलेला शब्दच आडनाव होऊन बसला. पुढे जतची गादी मिळाल्यावर लोक त्यांना जतकर म्हणू लागले, पण सही-शिक्क्यात डफळेच राहिले. राजधानी जतला गेली तरी आडनावातून डफळापूर गेले नाही.

ग्रँट डफने आदिलशाहीच्या सेवेत मोठ्या झालेल्या मराठा घराण्यांची यादी दिली आहे. जावळीचे मोरे, फलटणचे निंबाळकर, मलवडीचे घाटगे, म्हसवडचे माने, घोरपडे, जतचे डफळे आणि वाडीचे सावंत अशी ती सात घराणी. या पंक्तीत डफळ्यांचे पान मांडलेले आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. बाकीच्या सहा आडनावांची माणसे आज महाराष्ट्रात गावोगाव सापडतात. मोरे, माने, सावंत ही तर प्रत्येक शाळेच्या हजेरीपटावरची नावे. सातवे मात्र मूठभर घरांत राहिले. मोरे, माने, सावंत ही मोठ्या कुळांची नावे होती आणि ती अनेक गावांत, अनेक शाखांत आधीपासून पसरलेली होती. निंबाळकर आणि घोरपडे हीदेखील मुळात अनुक्रमे पवार व भोसले कुळातून निघालेली आडनावे, पण त्यांच्या शाखा दूरवर फुटल्या, सरदारक्या विभागल्या आणि नाव घेऊन माणसे ठिकठिकाणी वसली. डफळे हे मात्र एका गावच्या एका वतनाला चिकटलेले नाव होते. वतन ज्यांच्याकडे ते डफळे, बाकीचे चव्हाण चव्हाणच राहिले. या आडनावाच्या दुर्मिळतेचे मूळ इथे आहे.

घराण्याचा उदय सटवाजीरावांपासून धरला जातो. १६८० च्या सुमारास विजापूर दरबाराकडून त्यांना जत, करजगी वगैरे चार महालांची देशमुखी मिळाली. काळ मोठा धामधुमीचा होता. जतजवळच्या उमराणीवर प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाला कोंडीत धरले ते १६७३ मध्ये, म्हणजे मराठे आणि विजापूरकर यांच्या चकमकींचे मैदान या घराण्याच्या दारातच होते. १६८६ च्या सप्टेंबरात विजापूर औरंगजेबाच्या हाती पडले आणि आदिलशाही संपली. ज्या दरबाराने देशमुखी दिली तो दरबारच उरला नाही. सटवाजीराव काही काळ स्वबळावर राहिले. जत संस्थानाची स्थापना १६८६ ची मानली जाते ती यामुळे. पुढे त्यांना बादशाही सेवा पत्करावी लागली.

त्या सेवेची किंमत साताऱ्याच्या वेढ्यात मोजली गेली. १६९९ च्या अखेरीस औरंगजेबाने अजिंक्यताऱ्याला वेढा घातला. १३ एप्रिल १७०० रोजी मोगलांनी तटाखाली पेरलेले सुरुंग उडवले. पहिल्या स्फोटात गडावरची माणसे गाडली गेली आणि किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्यातून जिवंत निघाले, ही हकिकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. दुसऱ्या सुरुंगाने तट उलटा बाहेर कोसळला आणि खाली हल्ल्याला सज्ज उभे असलेले मोगलांचेच सुमारे दोन हजार लोक चिरडले. त्या गर्दीत तटावर चढून ‘वर या, इथे कोणी नाही’ अशी हाक देणारा जो सरदार इतिहासात नोंदला गेला, तो बाजी चव्हाण डफळे. मागून कोणी आले नाही. मराठ्यांच्या गडावर बादशहाच्या बाजूने चढणारा हा मराठा कोणाच्या अभिमानाचा विषय व्हावा, हा प्रश्न अवघड आहे. डफळे घराण्याच्या इतिहासातले हे पान गाळून पुढे जाता येत नाही, कारण त्या काळी देशमुखी टिकवण्याचा दुसरा मार्ग सीमेवरच्या फार थोड्या घराण्यांपुढे होता. आडनावाच्या दृष्टीनेही ही नोंद मोलाची. ‘चव्हाण’ आणि ‘डफळे’ ही दोन्ही नावे इथे एकापुढे एक आली आहेत. जुने अजून सुटलेले नाही आणि नवे पक्के झाले आहे, असा तो टप्पा.

अठराव्या शतकाच्या आरंभी जत आणि करजगीची जहागीर घराण्याकडे कायम झाली. १७०६ मध्ये सटवाजीरावांचा काळ संपला आणि वंशाचा प्रश्न उभा राहिला. यानंतरची वाटचाल पाहताना एक गोष्ट पुन:पुन्हा समोर येते : हे आडनाव जगवले ते प्रामुख्याने या घराण्यात सून म्हणून आलेल्या स्त्रियांनी. येसूबाई डफळे यांनी १७०६ पासून १७५४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धे शतक, जहागिरीचा कारभार पाहिला. शाहू महाराजांचे सातारा, पेशव्यांचे पुणे आणि निजामाचे दक्षिण सुभे यांच्या ओढाताणीत एका सीमेवरच्या जहागिरीचा सांभाळ करणे सोपे काम नव्हते. त्यांच्यानंतर यशवंतराव आणि १७५९ पासून पहिले अमृतराव गादीवर आले. पेशवाई बुडाली त्या वेळी जहागिरीची सूत्रे पुन्हा एका स्त्रीच्या, रेणुकाबाईंच्या हाती होती. त्यांच्यामागून साळूबाई आल्या.

१८२० मध्ये इंग्रजांनी सातारच्या जहागीरदारांशी करार केले. त्यात अक्कलकोटचे भोसले, औंधचे पंत प्रतिनिधी, भोरचे पंत सचिव, फलटणचे निंबाळकर, वाईचे शेख मिरा यांच्या जोडीने जतचे डफळे होते. करारामुळे मुलूख कायम झाला आणि डफळे हे सातारच्या छत्रपतींचे मांडलिक ठरले. गादीवर स्थैर्य आले, तिजोरीत मात्र आले नाही. कर्जे वाढली. ती फेडण्यासाठी १८२७ मध्ये सातारच्या महाराजांनी जहागीर जप्त केली. चौदा वर्षे जतचा वसूल सावकारांच्या देण्यात गेला. देणे फिटल्यावर १८४१ मध्ये जहागीर परत मिळाली ती पहिल्या रामरावांच्या विधवा पत्नी भागीरथीबाई यांना. त्यांनी दत्तक घेतलेला मुलगा म्हणजे दुसरे अमृतराव. त्यांची कारकीर्द १८४६ पासून १८९२ पर्यंत चालली. दरम्यान १८४९ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले आणि जत थेट इंग्रजांच्या देखरेखीखाली आले. पुढे विजापूरचा कलेक्टर हाच जतचा पोलिटिकल एजंट झाला.

दुसऱ्या अमृतरावांच्या कारकिर्दीवर एक डाग आहे. रयतेवर जुलूम होतो अशा तक्रारी वाढल्यामुळे १८७४ पासून १८८५ पर्यंत संस्थानचा कारभार इंग्रज सरकारने आपल्या हाती घेतला. मधल्या काळातच १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला. या कोरड्या मुलखात त्याने काय केले असेल, हे पूर्व सांगलीत राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. संस्थान सालीना ६,४०० रुपये घोडेस्वारांच्या चाकरीबद्दल आणि ४,८४७ रुपये सरदेशमुखीच्या हक्काबद्दल सरकारात भरत असे. जतचा अधिपती दक्षिणेतला पहिल्या वर्गाचा सरदार गणला जाई आणि घराण्याजवळ दत्तक घेण्याची सनद होती.

ही सनद मानाच्या इतर चिन्हांपेक्षा महत्त्वाची ठरली. डलहौसीच्या काळात दत्तक नामंजूर झाल्याने सातारा गेले, झाशी गेली. ज्या आडनावाची घरेच मोजकी, त्याला औरस वारसाचा भरवसा नसे. दुसरे अमृतराव दत्तक, त्यांच्यानंतरचे दुसरे रामरावही दत्तक. रक्ताची रेघ मधे मधे तुटली, पण दत्तविधान होऊन मुलगा मांडीवर बसला की तो डफळे झाला. आडनाव म्हणजे रक्त, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जतच्या गादीचा इतिहास पाहता आडनाव हा एक वारसाहक्क होता आणि तो सांभाळण्याचे काम विधवा राण्यांनी, कारभाऱ्यांनी आणि मोडी लिहिणाऱ्या कारकुनांनी केले.

डफळापूर हे मूळ गावही एका छोट्या जहागिरीचे ठाणे होते. जतचे क्षेत्र ८८४ चौरस मैल आणि डफळापूरचे ९६. आडनाव ज्या गावाने दिले त्या गावाची शाखा अशी धाकटी राहिली. तिथेही शेवटचा अंमल एका स्त्रीचाच. राणीबाई डफळे यांच्या निधनानंतर १९१७ मध्ये ही जहागीर जतमध्ये विलीन झाली आणि दोन्ही घरांचा मुलूख पुन्हा एक झाला. १९०१ च्या खानेसुमारीत डफळापूरसह जत संस्थानची लोकसंख्या सुमारे ६८ हजार होती. तिच्यात डफळे आडनावाची माणसे मोजकीच असणार. राज्यकर्त्याचे नाव आणि प्रजेतले सर्वात दुर्मिळ नाव एकच असावे, अशी ही स्थिती.

दुसरे रामराव १८९३ मध्ये दत्तक म्हणून गादीवर आले आणि १९०७ मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. १९२८ पर्यंत त्यांनी राज्य केले. या भागात आगगाडी आली ती त्यांच्या अखेरच्या दिवसांत, १९२७ च्या सुमारास. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद पटरी पंढरपूरकडून कवठे महांकाळमार्गे मिरजेला पोचली. संस्थानच्या राजधानीपर्यंत मात्र ती गेली नाही. जतच्या वाट्याला ‘जत रोड’ नावाचे स्टेशन आले, तेथून पुढे बैलगाडी. रामरावांचे नाव आज जतच्या राजे रामराव महाविद्यालयाने चालवले आहे. ते डॉ. बापूजी साळुंखे यांनी १९५४ मध्ये स्थापन केलेल्या स्वामी विवेकानंद शिक्षण संस्थेचे. गावोगावच्या गरीब मुलांसाठी शाळा काढणाऱ्या संस्थेने एका संस्थानिकाचे नाव कॉलेजला दिले आणि वतनदारांच्या मुलखात पदवीचे शिक्षण आले.

१९२८ नंतर विजयसिंहराव हे शेवटचे संस्थानाधिपती. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतल्या इतर संस्थानांबरोबर जत मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि जत त्याचा तालुका बनला. २१ नोव्हेंबर १९६० रोजी या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. १९६५ मध्ये आटपाडी आणि कवठे महांकाळ हे दोन नवे तालुके पाडले गेले. डफळापूर जत तालुक्यातच राहिले, पण ते जत आणि कवठे महांकाळ तालुक्यांच्या शिवेजवळचे.

नावाला आधार देणारे एक एक खांब यानंतर कायद्याने काढून घेतले. १९५० च्या कायद्याने परगणा वतने गेली, म्हणजे देशमुखी गेली. १९५३ मध्ये विलीन मुलखातल्या जहागिऱ्या संपल्या. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकीचे पद गेले आणि ज्या पाटीलकीवरून हे आडनाव पडले तीच उरली नाही. १९७१ मध्ये २६व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता रद्द झाली. वतन गेले, जहागीर गेली, गादी गेली. आडनाव तेवढे राहिले आणि ते आता कोणत्याही अधिकाराविना, इतर आडनावांसारखे रेशनकार्डावर आणि सातबाऱ्यावर आहे. हा बदल रयतेच्या हिताचाच होता, आणि आडनावाची प्रतिष्ठाही त्यामुळे कमी झाली नाही.

संस्थानाचा मुलूख आज सांगली जिल्ह्यातला क्षेत्रफळाने सर्वात मोठा तालुका आहे. पाण्याचे दुखणे जुनेच. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे कृष्णेचे पाणी कवठे महांकाळ तालुक्याला मिळाले आणि जतच्या काही भागात पोचले, पण पूर्वेकडची गावे वर्षानुवर्षे वाट पाहत राहिली. २०२२ च्या अखेरीस याच गावांवरून महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात वाद पेटला आणि त्यानंतर विस्तारित योजनेच्या कामाला वेग आला. डफळ्यांच्या काळातही जत हे सीमेवरचे होते. सत्ता बदलल्या, कन्नड-मराठीची सरमिसळ तशीच आहे.

आज डफळे किती, याचे सरळ उत्तर सरकारी आकड्यांत मिळत नाही. भारताची जनगणना आडनावांचे तक्ते छापत नाही. १९३१ च्या गणनेत जातींचे आकडे होते, आडनावांचे नव्हते. येणाऱ्या जनगणनेत जातींची नोंद होणार आहे, तरी आडनावांची संख्या तिच्यातून निघणार नाही. उरतात त्या मतदारयाद्या आणि शाळांचे दाखले. तिथे लेखनाची अडचण उभी राहते. इंग्रज अधिकाऱ्यांनी हे नाव ‘डफ्ले’, ‘दफ्ले’ असे कानाला येईल तसे लिहिले. रोमन लिपीत ‘ळ’ नाही, त्यामुळे संगणकावरच्या याद्यांत मराठी रूप परत घेताना डफळे, डफले, दफळे अशी तिन्ही रूपे तयार होतात. एकाच घरातल्या दोन भावांच्या कागदांवर दोन रूपे असणे अशक्य नाही. मुळात थोडे असलेले नाव असे आणखी विखुरते.

राज्य शासनाने २०२४ मध्ये नावात आईचे नाव घालण्याचा निर्णय घेतला. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात प्रथम स्वतःचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम राहील. येसूबाई, रेणुकाबाई, साळूबाई, भागीरथीबाई आणि राणीबाई यांनी ज्या आडनावाचा भार वाहिला, त्याच्या शेजारी आता आईचे नाव अधिकृतपणे बसेल.

डफळे घराण्याचा आणि जत संस्थानाचा समग्र इतिहास लिहायचा तर साधने एका ठिकाणी नाहीत. सातारच्या राज्याचे आणि पेशव्यांचे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे, विजापूरकडची आणि मोगलांची कागदपत्रे फार्सीत आहेत आणि गावकीचे कागद मोडीत. १९१० मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने अशी घरगुती दफ्तरे गोळा करण्याचा पायंडा पाडला. तरीही पाटील-कुलकर्ण्यांच्या माळ्यावरचे कितीतरी रुमाल अजून सुटलेले नाहीत. कवठे महांकाळ, जत, डफळापूर, उमदी, करजगी या गावांत ज्यांच्या घरी जुन्या सनदा, महजर, वंशावळी किंवा वतनाचे कागद असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. मूळ कागद हवे तर घरीच ठेवावेत, पण त्यांची छायाचित्रे पुण्याच्या मंडळाकडे किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे पोचवावीत. डफळे, डफले, दफळे यांपैकी जे रूप कागदावर असेल ते तसेच नोंदवून पाठवावे.